आर्किटेक्चरच्या प्रवेशाचा पोर्टफोलिओ

आर्किटेक्चरच्या शिक्षणसंस्थेत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या कामातून निवडून, क्रम लावून सादर केलेला संग्रह म्हणजे पोर्टफोलिओ. त्यात पेन्सिलीची रेखाटने असतात, रंगचित्रे असतात, पुठ्ठ्याची मॉडेल्स, मातीकाम, छायाचित्रे असतात. कधी हाताने शिवलेली पिशवी किंवा दुरुस्त केलेले स्टूलही असते. गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याचा अभ्यास कळतो. तो एखाद्या जागेकडे कसा पाहतो, पाहिलेले कागदावर कसे उतरवतो आणि एका कल्पनेमागे किती दिवस चिकाटीने राहतो, हे मात्र तिच्यात कुठेच दिसत नाही. पुढची पाच वर्षे स्टुडिओत बसून मुख्यतः हेच करायचे असल्यामुळे प्रवेश देणाऱ्यांना ते आधी पाहायचे असते.

महाराष्ट्रात बारावीनंतर बी. आर्क.ला जाणाऱ्या बहुतेकांना पोर्टफोलिओ करावा लागत नाही. आपल्याकडे या व्यवसायाचे नियमन १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर करते. कौन्सिलची ‘नाटा’ ही परीक्षा २००६पासून सुरू आहे, शिवाय जेईई मेनमध्ये आर्किटेक्चरसाठी वेगळा पेपर असतो, आणि महाविद्यालयांच्या गुणवत्ता यादीत प्रवेश परीक्षेचे गुण धरले जातात. पोर्टफोलिओची गरज पडते ती प्रामुख्याने दोन वाटांवर. एक, पदवीनंतरच्या शिक्षणासाठी. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठासारख्या संस्था पदव्युत्तर प्रवेशासाठी तो मागतात. दुसरी वाट बारावीनंतर थेट परदेशी जाणाऱ्यांची. लंडनची बार्टलेट आणि १८४७ साली स्थापन झालेल्या आर्किटेक्चरल असोसिएशनची शाळा, न्यूयॉर्कचे कूपर युनियन, इथाका इथले कॉर्नेल विद्यापीठ, प्रॉव्हिडन्सचे रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या सगळ्या ठिकाणी निवडीत विद्यार्थ्याच्या कामाला मोठे वजन असते. इथे विचार मुख्यतः या दुसऱ्या वाटेवरच्या सतरा-अठरा वर्षांच्या अर्जदाराचा केला आहे. कारण पदवीधराकडे निदान पाच वर्षांच्या शीट्स साठलेल्या असतात. बारावीच्या मुलाला सुरुवातच कोऱ्या कागदापासून करायची असते.

या मुलांची पहिली अडचण परीक्षेच्या सवयीतून येते. प्रवेश परीक्षेची चित्रकला ठरावीक वेळात, दिलेल्या प्रश्नावर करायची असते, म्हणून क्लासमध्ये काही रचना हमखास घोटून घेतल्या जातात: दोन लोपबिंदूंचा रस्ता, पावसातली छत्र्यांची गर्दी, घन आणि शंकूंची मांडणी. परीक्षेसाठी हा सराव योग्यच आहे. तेच कागद पोर्टफोलिओत लावले की मात्र विद्यार्थी अदृश्य होतो, कारण त्याच क्लासच्या इतर मुलांनीही तेच कागद पाठवलेले असतात. दिवसाला डझनभर पोर्टफोलिओ चाळणाऱ्या प्राध्यापकाला साचा दुसऱ्या पानावर ओळखू येतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल आहे. आर्किटेक्चरला जायचे तर इमारतींचे आराखडे दाखवायला हवेत, असे विद्यार्थ्यांना आणि पालकांना वाटते. मग ओळखीच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दोन महिने बसून संगणकावर बंगल्याचा प्लॅन केला जातो, त्याला चकचकीत काचा आणि हिरवळ लावलेले चित्र जोडले जाते. अनेक शाळा आपल्या सूचनांमध्ये सांगतात की पदवीच्या प्रवेशासाठी संगणकावरचे तांत्रिक नकाशे नकोत. कारण सरळ आहे. प्लॅन कसा काढायचा हे शिकवणे हे शाळेचेच काम आहे. सॉफ्टवेअरमधल्या तयार खिडक्या आणि तयार खुर्च्या ओढून बसवलेल्या बंगल्यातून त्या मुलाच्या नजरेबद्दल काहीच कळत नाही; उलट, मोडाव्या लागतील अशा सवयी लागल्या आहेत, एवढेच कळते.

मग हवे काय असते? सर्वांत आधी, समोर पाहून केलेली रेखाटने. छायाचित्रावरून काढलेले चित्र आणि प्रत्यक्ष वस्तूसमोर बसून काढलेले चित्र यांतला फरक जाणकाराला लगेच दिसतो. छायाचित्रात कॅमेऱ्याने खोली आधीच सपाट करून दिलेली असते, काय घ्यायचे आणि काय सोडायचे हेही त्यानेच ठरवलेले असते. प्रत्यक्ष समोर बसले की डोळा सतत अंतरे मोजतो: दार खिडकीच्या किती पट उंच आहे, जिना किती पायऱ्यांनंतर वळतो, उजेड कुठपर्यंत आत येतो. हे मोजणे रेषेत उतरते, आणि म्हणूनच त्या रेषेत थोडी चुकलेली, पुन्हा ओढलेली जागा असली तरी ती बोलकी असते. खोडरबराने ती पुसून टाकण्याचे काही कारण नाही.

विषयासाठी ताजमहालापर्यंत जावे लागत नाही. घरातला ओटा, फडताळ, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सायकलच्या दुकानाची पुढची बाजू, एसटी स्टँडच्या छपराचे खांब, चाळीची गॅलरी, गोव्यातल्या जुन्या घराचा बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) यांतले काहीही चालते. अट एवढीच, की तिथे भरपूर वेळ बसलेले असावे. हात, पाय, झोपलेला माणूस, भाजी निवडणारी आजी अशी माणसांची चित्रेही ठेवावीत. इमारत माणसांच्या शरीरासाठी असते, आणि शरीराची मापे ज्याने निरखली आहेत त्याला पायरीची उंची शिकवणे सोपे जाते.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याकडे याची एक चांगली पायाभरणी असते, तिचा उपयोग पुरेसा होत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमध्ये वस्तुचित्र, निसर्गचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव शाळेतच झालेला असतो. दहावीच्या वाढीव गुणांपुरती या परीक्षांची आठवण उरते, आणि वह्या रद्दीत जातात. त्या ठेवायला हव्यात. वस्तुचित्रात तांब्याच्या काठाचा लंबगोल नीट काढता येणे ही लहान गोष्ट नाही. पोर्टफोलिओत जसेच्या तसे ते चित्र घालू नये, पण त्याच हाताने पुढचे पाऊल टाकावे: तोच तांब्या आडवा, तोच अर्धा पाण्यात, तोच आतून कसा दिसेल त्याचा अंदाज.

रेखाटनाला मोजमापाची जोड मिळाली की ते आर्किटेक्चरच्या अंगणात येते. ल कॉर्ब्युझिए यांनी १९११ साली बाल्कन प्रदेशातून इस्तंबूल आणि अथेन्सपर्यंत प्रवास केला, तेव्हाच्या त्यांच्या वह्यांमध्ये झटपट काढलेल्या चित्रांशेजारी टिपणे आणि मापे लिहिलेली आहेत. मुंबईत सर जे. जे.मध्ये क्लॉड बॅटली यांनी जुन्या भारतीय इमारती मोजून त्यांची रेखांकने करण्यावर भर दिला, आणि १९३४च्या त्यांच्या ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ या पुस्तकाचा आधार अशी मोजून केलेली रेखांकनेच आहेत. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे याच जे. जे.तून शिकून पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे गेले. मोजपट्टी घेऊन इमारतीपुढे उभे राहण्याची ही परंपरा आपल्याकडची आहे, ती परदेशी पोर्टफोलिओसाठी नव्याने शिकायला नको.

एक उदाहरण तपशिलात पाहता येईल. समजा, विद्यार्थ्याने गावातला पार निवडला. वडाभोवती दगडी चौथरा, साधारण सहा मीटर व्यासाचा, पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. पहिल्या पानावर पाराचे समोरून केलेले रेखाटन येईल. दुसऱ्या पानावर वरून पाहिलेला प्लॅन, १:५० प्रमाणात. सहा मीटरचा पार कागदावर बारा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे ए-४ कागदावरही आरामात बसतो. आता त्याच प्लॅनच्या तीन लहान प्रती काढून सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार या वेळांना सावली कुठे पडते आणि माणसे कुठे बसतात याच्या खुणा करायच्या. सकाळी माणसे पश्चिमेच्या बाजूला असतात, चार वाजता पूर्वेच्या, आणि जानेवारीतल्या दुपारी सावली उत्तरेकडे सरकलेली असते. वडाच्या सावलीबरोबर गावाची बैठक फिरते आहे, हे त्या तीन लहान आकृत्यांतून एकही वाक्य न लिहिता कळते. तिसऱ्या पानावर पार मधून कापल्यासारखा सेक्शन: बुंधा, मुळांनी उचललेले दगड, काठावर बसलेल्या माणसाचे गुडघे. इथे एक गोष्ट लक्षात येते. पंचेचाळीस सेंटिमीटर ही खुर्चीची उंची आहे, त्यामुळे काठावर बसलेल्याचे पाय जमिनीला टेकतात. पण मुळांनी एक बाजू उचलली गेली आहे, तिथे बसलेल्या म्हाताऱ्याचे पाय लोंबतात, आणि म्हणून त्या बाजूला कुणीतरी एक दगड आणून ठेवला आहे. चौथ्या पानावर त्या दगडाच्या जागी कशी पायरी करता येईल याचे पाच-सहा प्रयत्न आणि पुठ्ठ्याचे एक छोटे मॉडेल.

चार पानांत पाहणे, मोजणे, प्रश्न सापडणे आणि उत्तर करून पाहणे असे सगळे आले. बंगल्याच्या चाळीस पानांपेक्षा ही चार पाने पाहणाऱ्याला जास्त सांगतात. मुंबईच्या मुलाला पार मिळणार नाही, पण चाळीची गॅलरी, लोकलचा पादचारी पूल किंवा सोसायटीचा जिना मिळेल, आणि तिथेही हीच पद्धत लागू पडते.

सेक्शनबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण नवख्यांच्या पोर्टफोलिओत तो सहसा नसतो. इमारत बाहेरून कशी दिसते हे सगळेच काढतात; ती आतून कशी जगली जाते हे उभ्या कापातून दिसते. चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा ही १९८३ साली पूर्ण झालेली इमारत रस्त्यावरून पाहिली तर कोपरे कोरलेला उंच ठोकळा दिसतो. दोन मजले उंच कोपऱ्यातल्या गच्च्या घराला ऊन-पावसापासून कसे सांभाळतात आणि एका घराच्या पातळ्या शेजारच्या घरात कशा गुंतल्या आहेत, हे तिचा सेक्शन पाहिल्याखेरीज उमगत नाही. विद्यार्थ्याने इतके गुंतागुंतीचे काही काढायची गरज नाही. राहत्या घराचा एक सेक्शन, त्यात पोटमाळा, पंखा, पलंगाखालच्या ट्रंका, खिडकीतली तुळस आणि माणसे, एवढा जरी प्रामाणिकपणे मोजून काढला तरी ते पान लक्षात राहते.

मॉडेलसाठी महागडे सामान लागत नाही. माउंट बोर्ड, जुन्या खोक्यांचा पुठ्ठा, कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल एवढ्यात बहुतेक कामे होतात. एकाच साहित्याचे, एकाच रंगाचे मॉडेल बहुधा चांगले दिसते, कारण नजर सजावटीकडे न जाता आकार आणि पोकळीकडे जाते. रंगीत स्पंजची झाडे आणि खेळण्यातल्या गाड्या टाळाव्यात. केवळ अमूर्त रचनाही उत्तम असतात. एकच पुठ्ठा घेऊन फक्त कापून आणि दुमडून, काहीही न चिकटवता, किती वजन पेलणारा पूल होतो ते पाहणे. एकाच आकाराच्या तीस काड्यांची वेगवेगळी जाळी बांधणे. साबणाच्या वडीतून उजेड आत येईल अशी पोकळी कोरणे. असे प्रयोग शाळांना आवडतात, कारण पहिल्या वर्षाच्या स्टुडिओत पुढे हेच करायचे असते.

मराठी घरांत तर मुले नकळत वास्तुकला करत वाढतात, याकडे अर्जदारांचेच लक्ष नसते. दिवाळीतला किल्ला हे जमिनीच्या चढउताराचे मॉडेल आहे. बांबूच्या कामट्या बांधून केलेला आकाशकंदील हा ताणलेल्या कागदाचे कवच असलेला सांगाडा आहे. कुठली कामटी वाकली, कुठल्या गाठीने बांधले, वाऱ्यात कंदील कुठे फाटला आणि पुढच्या वर्षी काय बदलले, हे चार रेखाटनांत आणि दोन फोटोंत मांडले तर त्यातून रचनेची खरी समज दिसते. गणपतीच्या मखराचेही तसेच: दहा दिवस टिकणारे, उचलून ठेवता येणारे, घडी होणारे मखर हा नेमका आर्किटेक्चरचा प्रश्न आहे. अर्थात ‘आमची संस्कृती’ म्हणून सजवलेला फोटो लावून हे साधत नाही. काम उघडून, सांधे दाखवून मांडावे लागते.

यावरून प्रक्रियेचा मुद्दा निघतो, आणि पोर्टफोलिओच्या तयारीत सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पूर्ण झालेल्या सुबक चित्राइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, किंमत त्यामागच्या कच्च्या कामाला असते. वहीतली पाने, फसलेले प्रयत्न, बाणांनी जोडलेल्या टिपा, बाजूला लिहिलेला हिशोब यांतून विचाराची चाल दिसते. म्हणून वर्षभर एक साधी स्केचबुक सतत जवळ ठेवावी, आणि तिचे पान कधीही फाडू नये. आपल्याकडच्या शाळांनी स्वच्छ वहीची सवय लावली आहे, ती इथे आड येते. शेवटी निवड करताना तीस पानांतले एक पान जरी उचलले तरी ती वही कारणी लागली. मात्र कच्चे काम नंतर बसून बनवू नये. आधी पक्के चित्र करून मग त्याची ‘प्रक्रिया’ रंगवणारे विद्यार्थी असतात, आणि ते पाहताक्षणी ओळखू येतात. खऱ्या कच्च्या पानावर न वापरलेल्या कल्पना असतात, बनावट पानावरची प्रत्येक रेषा मात्र शेवटच्या चित्राकडेच धावते.

काही शाळा केवळ आधीच्या कामावर न थांबता स्वतःचा प्रश्न देतात. कूपर युनियन ही १८५९ साली पीटर कूपर यांनी स्थापन केलेली संस्था. आर्किटेक्चरच्या अर्जदारांना ती घरी बसून सोडवायची चाचणी देते. त्यातले प्रश्न मुद्दाम मोकळे असतात, त्यांना एकच बरोबर उत्तर नसते, आणि आधीपासून पाठ करून ठेवावे असे त्यात काही सापडत नाही. रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन अनेक वर्षे प्रत्येक अर्जदाराला सायकलचे चित्र काढायला सांगत असे. सायकल सगळ्यांनी पाहिलेली असते, पण साखळी कुठून कुठे जाते आणि चौकटीच्या नळ्या कुठे मिळतात हे काढायला बसल्यावरच कळते, म्हणून तो प्रश्न इतका काळ टिकला. आता तिथे इतर गृहपाठ असतो. अशा चाचण्यांची तयारी करायचीच तर दर आठवड्याला स्वतःला एक विचित्र प्रश्न देऊन त्याचे उत्तर कागद, दोरा, माती अशा कुठल्याही माध्यमात करून पाहावे.

काम साठले की निवड. ही पायरी विद्यार्थ्यांना फार जड जाते, कारण प्रत्येक चित्रामागे मेहनत असते. किती कामे पाठवायची ते प्रत्येक संस्था ठरवते. रोड आयलंडला बारा ते वीस कामे लागतात, इतरत्रही आकडा साधारण याच्या आसपास असतो. मर्यादा वीसची असेल आणि चांगली कामे पंधराच असतील तर पंधराच पाठवावीत. पाच कमकुवत कामे आधीच्या पंधरांबद्दलही शंका निर्माण करतात. निवडताना सगळ्या प्रती जमिनीवर पसराव्यात आणि ज्यांचा चित्रकलेशी संबंध नाही अशा एखाद्या माणसाला त्यांपुढून चालायला सांगावे. तो कुठे थांबतो ते पाहावे. चित्रकलेच्या शिक्षकांचे मत घ्यावेच, पण ते सुबकपणाला झुकते हे लक्षात असू द्यावे. आईवडिलांना आवडलेले देवाचे चित्र किंवा अभिनेत्याचे हुबेहूब पोर्ट्रेट काढून टाकताना घरात थोडी नाराजी होईल. ती पत्करावी.

क्रम लावताना पहिले पान दमदार हवे, कारण चाळणारा तिथेच पुढे किती लक्ष द्यायचे ते ठरवतो. माध्यमांप्रमाणे गट करण्यापेक्षा, म्हणजे सगळी पेन्सिल एकीकडे आणि सगळे जलरंग दुसरीकडे असे करण्यापेक्षा, एका विषयामागे गेलेली तीन-चार पाने एकत्र ठेवली तर विचार सलग दिसतो. पाराची चार पाने, मग एकटे मोठे रेखाटन, मग कंदिलाची तीन पाने, अशी लय सुटसुटीत वाटते. पानावर मोकळी जागा भरपूर सोडावी. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरांचा एकच साधा टाइप, लहान आकार. मोठाली नावे, नक्षीदार चौकटी, रंगीत पट्टे आणि तयार टेम्प्लेट यांनी काम झाकले जाते. आडवा ए-३ किंवा ए-४ हा आकार पडद्यावर आणि छापूनही सोयीचा पडतो.

प्रत्येक कामाखाली शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष द्यावे, आणि गरज असेल तिथे दोन वाक्यांची टीप. टीप लिहिण्यातही नजर दिसते. ‘गावातला शांत पार, जिथे परंपरा आणि निसर्ग एकत्र येतात’ हे वाक्य कुठल्याही पाराला लावता येईल. ‘मुळांनी उचललेल्या बाजूला बसणाऱ्यांचे पाय टेकत नाहीत, कुणीतरी पायाखाली दगड ठेवला आहे’ हे वाक्य फक्त त्याच पाराचे आहे. परदेशी शाळेसाठी टिपा इंग्रजीत द्याव्या लागतात, तेव्हा शब्दकोशातले भारी शब्द शोधू नयेत. साधी, छोटी वाक्ये लिहावीत. स्केचबुकातल्या मराठी नोंदी तशाच राहू द्याव्यात. त्या खऱ्या आहेत, आणि एका ओळीत त्यांचा अर्थ देता येतो.

चांगले काम वाईट फोटोमुळे बुडते, हे दरवर्षी घडते. ए-४पर्यंतचे कागद स्कॅन करावेत, ३०० डीपीआयवर. मोठ्या कागदांचे फोटो ढगाळ दिवशी किंवा सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, कागद भिंतीवर सपाट लावून आणि कॅमेरा त्याच्या बरोबर समोर, मध्याच्या उंचीवर ठेवून काढावेत. कडा तिरक्या आल्या की चित्रातली लोपरेषाही चुकल्यासारखी दिसते. पेन्सिल आणि कोळशाच्या चित्रांवर फिक्सेटिव्ह मारून ठेवावे, नाहीतर स्कॅनरच्या काचेवरच ती पुसट होतात. मॉडेलचे फोटो काढताना मागे साधा करडा किंवा काळा कागद आणि एकाच बाजूने प्रकाश. आणि कॅमेरा इतका खाली, की मॉडेलमध्ये उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यावा. वरून काढलेल्या फोटोत मॉडेल खेळण्यासारखे दिसते, खालून काढलेल्या फोटोत जागा दिसते. फोटो सुधारताना रंग मूळ कागदाशी जुळवावेत, त्याहून भडक करू नयेत.

शेवटची फाइल बहुधा पीडीएफ स्वरूपात द्यायची असते किंवा कामे एकेक करून चढवायची असतात. अमेरिकेतल्या बऱ्याच संस्था त्यासाठी स्लाइडरूम ही सेवा वापरतात. फाइलच्या आकाराची मर्यादा संस्थेगणिक बदलते. पडद्यावर पाहण्यासाठी १५० डीपीआय पुरते, त्यामुळे फाइल हलकी होते. मूळ मोठे स्कॅन मात्र दोन ठिकाणी जपून ठेवावेत.

प्रामाणिकपणाबद्दल कुठेही सूट नाही. इंटरनेटवरून उचललेली चित्रे, ट्रेस केलेली पोर्ट्रेट्स, क्लासच्या शिक्षकाने ‘जरा हात मारलेली’ पाने पोर्टफोलिओत असू नयेत. काम स्वतःचे असल्याचे अर्जात लिहून द्यावे लागते, आणि मुलाखतीत एखाद्या रेषेबद्दल विचारले की दुसऱ्याच्या हाताने काढलेली रेष समजावता येत नाही. गटाने केलेले काम जरूर दाखवावे, पण त्यातले आपले नेमके काय ते स्पष्ट लिहून. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांबाबत प्रत्येक शाळेचा नियम वेगळा असू शकतो, तो वाचून पाळावा. नियम काहीही असला तरी आज्ञा टाइप करून आलेली प्रतिमा अर्जदाराच्या हाताबद्दल आणि डोळ्याबद्दल काही सांगत नाही, आणि पोर्टफोलिओ त्यासाठीच मागितलेला असतो. तयार पोर्टफोलिओ विकणाऱ्या क्लासेसपासून पालकांनी मुलांना वाचवावे. तिथे जाणारा पैसा कागद, रंग आणि एखाद्या जुन्या गावातल्या आठ दिवसांच्या मुक्कामावर खर्च झाला तर हाती जास्त लागेल.

वेळेचे गणित महाराष्ट्रातल्या मुलांसाठी अवघड आहे. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची नियमित मुदत जानेवारीच्या सुरुवातीला संपते, लवकरच्या फेरीची नोव्हेंबरमध्ये. ब्रिटनच्या यूकास या विद्यापीठ-प्रवेश यंत्रणेतला अर्जही जानेवारीत जातो आणि पोर्टफोलिओ त्यानंतर थोड्या दिवसांत मागवला जाऊ शकतो. हाच काळ बारावीच्या सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकांचा असतो. म्हणून खरे काम अकरावीत आणि अकरावीनंतरच्या मे महिन्याच्या सुट्टीत व्हायला हवे. दिवाळीच्या सुट्टीत फक्त निवड, फोटो आणि मांडणी उरावी. अर्ज भरण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. भारतात परतून आर्किटेक्ट म्हणून काम करायचे तर कौन्सिलकडे नोंदणी लागते, आणि परदेशी अभ्यासक्रम सगळे एका मापाचे नसतात: अमेरिकेतला बी. आर्क. साधारण पाच वर्षांचा, तर ब्रिटनमध्ये आधी तीन वर्षांची पदवी, नंतर दोन वर्षांचा पुढचा टप्पा आणि मध्ये कामाचा अनुभव. आपली पदवी भारतात मानली जाते का, हे प्रवेश घेण्याआधी कौन्सिलकडून समजून घ्यावे.

काही शाळा निवडक अर्जदारांशी मुलाखतीत बोलतात, बहुतेकदा पडद्यावरून. पोर्टफोलिओतले एखादे पान उघडून विचारले जाते, हे असे का केले? इथे पाठ केलेली उत्तरे तोकडी पडतात. ज्या मुलाने पाराजवळ तीन वेळा जाऊन सावली मोजली आहे, त्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते: सकाळी तिथे कोण येते, दुपारी कोण झोपते, तो दगड कुणी आणला असावा. इंग्रजी अडखळले तरी हरकत नसते. स्केचबुक आणि मूळ चित्रे त्या वेळी हाताशी ठेवावीत, कारण ‘या आधीचे पान दाखवाल का’ असे हमखास विचारले जाते, आणि ते पान कॅमेऱ्यासमोर धरता आले पाहिजे.